जुनी इंग्लिश ट्रान्सफरवेअर जमवायची असेल तर शिक्का सगळ्यात शेवटी बघा

ट्रान्सफरवेअर, म्हणजे कागदावरून छाप उतरवलेली जुनी निळी-पांढरी इंग्लिश बशी हातात आली की बहुतेक जण पहिल्यांदा काय करतात, तर ती उलटी करून मागचा कारखान्याचा शिक्का वाचायला लागतात. माझं म्हणणं असं की शिक्का शेवटी वाचा. आधी छाप बघा, काठाची नक्षी बघा, ग्लेझचा, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाचा रंग बघा, वजनाचा अंदाज घ्या आणि मगच उलटी करा. कारण ज्या काळातला माल सगळ्यात देखणा आहे, म्हणजे साधारण १७९० ते १८४०, त्यातल्या कितीतरी वस्तूंवर शिक्का मुळात नसतोच, आणि ज्यांच्या मागे सिंह, मुकुट, ढाल असा भरगच्च शिक्का असतो त्यातल्या बऱ्याच फार नंतरच्या निघतात. नुसत्या शिक्क्यावर विसंबलं की चांगली वस्तू हातची जाते आणि मामुली वस्तू महागात घरी येते.

ओळखायच्या बहुतेक सगळ्या खुणा बनवण्याच्या पद्धतीतूनच येतात, त्यामुळे आधी ती समजून घेऊ. कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचा. पत्रा गरम करून त्यावर तेलात घोटलेला घट्ट रंग चोपडायचा, वरचा पुसून घ्यायचा, म्हणजे रंग फक्त कोरलेल्या रेघांत उरायचा. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला पातळ टिश्यू कागद त्यावर ठेवून प्रेसमधून काढायचा. हा छापलेला ओला कागद बायका कात्रीने कापायच्या, मधलं चित्र वेगळं, काठाची पट्टी वेगळी, आणि एकदा भाजलेल्या पण अजून ग्लेझ न लावलेल्या बशीवर चिकटवून ताठ ब्रशने जोरजोरात घासायच्या. रंग मातीत उतरला की कागद पाण्याने धुऊन टाकायचा, तेल जळून जावं म्हणून बशी पुन्हा थोडी भाजायची, मग ग्लेझमध्ये बुडवून शेवटची भट्टी. म्हणजे छाप ग्लेझच्या खाली काचेआड जाऊन बसतो आणि म्हणूनच दोनशे वर्षांनीही तो झिजत नाही. निळाच रंग का, तर या शेवटच्या भट्टीची आच सुरुवातीला फक्त कोबाल्टलाच नीट झेपायची. हिरवा, तपकिरी, गुलाबी, जांभळा हे रंग ग्लेझखाली छापायला जमले ते १८२० च्या दशकाच्या अगदी शेवटी, त्यामुळे कुणी तुम्हाला गुलाबी छापाची बशी "१८०० ची" म्हणून विकत असेल तर पुढे बोलूच नका.

आता खुणा. पहिली आणि सगळ्यात भरवशाची म्हणजे काठाचा सांधा. काठाची पट्टी सपाट कागदाची आणि बशीचा काठ गोल, त्यामुळे पट्टी कुठेतरी कापून जोडावीच लागायची. बशी हळूहळू फिरवत काठ बघत जा, एका ठिकाणी फूल अर्धवट तुटलेलं दिसेल, किंवा पान पानावर चढलेलं, किंवा मध्ये बारीकशी पांढरी फट. पट्टी जिथे दुमडली तिथे सुरकुतीची रेघ राहते, कागदाचा तुकडा कमी पडला तर दुसरीकडचं ठिगळ लावलेलं असतं. मला तर हे सांधेच फार आवडतात, कारण स्टॅफर्डशायर या इंग्लंडातल्या भांड्यांच्या मुलखात, बर्स्लेम किंवा हॅन्लीच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या त्या बाईचा हात तिथेच दिसतो, बाकी सगळं तांब्याच्या पत्र्याचं. सुरई, टी-पॉट, सूप टुरीन असल्या वस्तूंवर तर सांधे शोधायलाही लागत नाहीत, हँडलच्या खाली आणि तोटीच्या मागे कशीबशी जोडाजोड असतेच. पण सांधा दिसला म्हणजे वस्तू जुनी हे सिद्ध झालं असं नाही हां, कारण टिश्यूची पद्धत अजून चालू आहे (त्याबद्दल पुढे). सांधा फक्त एवढं सांगतो की हा खरा ट्रान्सफर प्रिंट आहे. काठ कुठेच तुटत नसेल आणि सगळी नक्षी मशीनसारखी तंतोतंत जुळत असेल तर तो बहुधा नंतरचा डिकल, म्हणजे स्टिकरसारखा चिकटवलेला तयार छाप.

दुसरं काम भिंगाचं. दहापट मोठं दाखवणारं ज्वेलरचं भिंग खिशात ठेवाच, त्याशिवाय या नादाला लागू नका. भिंगातून खऱ्या छापात कोरलेल्या रेघा आणि हाताने मारलेले ठिपके दिसतात, त्यांचा आकार आणि अंतर कमीजास्त असतं. पेपरातल्या फोटोसारखे एकाच मापाचे, ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ते आधुनिक छपाईचं काम. आणि ब्रशचे फटकारे, कुठे रंग साचलेला, कुठे विरलेला असं दिसलं तर तो हाताने रंगवलेला माल, तो ट्रान्सफरवेअर नव्हेच.

कोरीवकामावरून काळही बराचसा कळतो. १८०० च्या आधीचे छाप बहुतेक नुसत्या रेघांचे, गडद, थोडे ओबडधोबड, आणि विषय चिनी धर्तीचे, म्हणजे पॅगोडा, पूल, होड्या. त्यानंतर रेघांच्या जोडीला ठिपक्यांचं कोरीवकाम आलं आणि एकदम फरक पडला, आभाळात ढग दिसायला लागले, झाडांना खोली आली, पाण्यात सावली पडली. १८१० ते १८३० मधलं स्पोड किंवा रिजवे या कारखान्यांचं चांगलं काम भिंगाखाली धरून बघा, एवढ्याशा जागेत कारागिराने किती छटा काढल्यात ते बघत तासभर सहज जातो.

तिसरं, ग्लेझ. त्या काळातली बरीच भांडी पर्लवेअर प्रकारची, म्हणजे ग्लेझ पांढरं दिसावं म्हणून त्यात चिमूटभर कोबाल्ट घातलेलं. जॉसाया वेजवुड या कारखानदाराने १७७९ मध्ये आपला "पर्ल व्हाइट" आणला आणि मग सगळ्या स्टॅफर्डशायरमध्ये तसला माल व्हायला लागला. बशी उलटी करून तळाच्या कडीच्या आतल्या कोपऱ्यात बघा, तिथे ग्लेझ साचतं आणि निळसर झाक स्पष्ट दिसते. मागच्या बाजूला काठाजवळ तीन ठिकाणी टोचल्यासारखे बारीक खडबडीत ठिपके असतील तर घाबरू नका, तो डॅमेज नाही, भट्टीत बशा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये टेकण ठेवायचे त्याच्या त्या खुणा.

इतिहास फार सांगत नाही, पण दोनचार तारखा डोक्यात असल्या की विक्रेत्याच्या गोष्टी तपासता येतात. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी २७ जुलै १७५६ ला सहा तासांत १२०० हून जास्त टाइल्स छापून दाखवल्या आणि तसं प्रतिज्ञापत्रही केलं. ते ग्लेझच्या वरचं छापकाम होतं, बहुतेक काळ्या रंगात, आणि वेजवुड १७६१ पासून आपला माल छापायला त्यांच्याकडेच पाठवायचा. ग्लेझखाली निळा छाप आधी पोर्सेलिनवर आला, आणि साध्या मातीच्या भांड्यांवर तो नीट बसवण्याचं श्रेय पहिल्या जॉसाया स्पोडला देतात, साधारण १७८४ चा सुमार. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये चिनी पोर्सेलिन घाऊक आणणं बंद केलं आणि मग ज्यांचे चिनी डिनर सेट फुटत होते त्या सगळ्यांना स्टॅफर्डशायरचा माल घ्यावासा वाटायला लागला. १८२० च्या दशकात अमेरिकेसाठी खास गडद निळा माल निघाला, त्यावर तिकडच्या शहरांची आणि प्रसंगांची चित्रं, क्लूझ कंपनीची, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या लाफायेत या फ्रेंच सेनानीच्या १८२४ मधल्या न्यूयॉर्कमधल्या आगमनाची बशी त्यातलीच. या मालाला आजही अमेरिकन गिऱ्हाईक असतं, म्हणून तो इंग्लंडातल्या लिलावातही चढा जातो.

एक तारीख मात्र नीट लक्षात ठेवा, १८४२. तोवर कारखानदार प्रवासवर्णनांच्या पुस्तकांतली चित्रं बिनधास्त उचलून बशांवर छापायचे. स्पोडची इंडियन स्पोर्टिंग ही सिरीज अशीच बनली, बंगालमधल्या शिकारीच्या छापील चित्रांवरून, वाघ, अस्वल, रानडुक्कर, कुत्रे घेऊन निघालेले नोकर, सगळं एका डिनर सेटवर, आणि प्रत्येक आकाराच्या बशीला वेगळं चित्र, मागे त्या चित्राचं नाव. १८४२ च्या कॉपीराइट कायद्याने ही उचलाउचल बंद पडली आणि १८३० च्या सुमारापासून दिसायला लागलेली मनाने रचलेली चित्रंच मग कारखान्यांनी काढली, कुठलंतरी तळं, कुठलातरी महाल, पुढ्यात कलश आणि दोन माणसं, आणि नाव द्यायचं व्हेनिस नाहीतर सयाम. त्यामुळे ओळखता येईल अशा खऱ्या जागेचं चित्र बहुधा १८४२ च्या आधीचं आणि असलं स्वप्नातलं चित्र बहुधा १८३० नंतरचं, हा ठोकताळा पुष्कळ वेळा बरोबर निघतो.

आता जमवायचं काय. सगळंच जमवायला गेलात तर घर भरेल आणि डोकं रिकामं राहील. एक धागा धरा. एकच कारखाना धरा, किंवा एकच सिरीज, जसं जॉन अँड विल्यम रिजवेची ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांची सिरीज, किंवा एकच प्रकारची वस्तू, म्हणजे नुसत्या पानाच्या आकाराच्या लोणच्याच्या बशा, नुसते ड्रेनर, नुसत्या सुरया. ड्रेनर म्हणजे मोठ्या मांसाच्या तबकात ठेवायची भोकांची सपाट जाळी, भिंतीवर लावायला याच्याइतकी सुंदर वस्तू नाही, कारण सगळं चित्र सपाट पृष्ठभागावर येतं. नवीन माणसाला मी सिरीजच सुचवेन, कारण एका सिरीजचा काठ बहुतेक एकच असतो आणि मधली चित्रं बदलतात, त्यामुळे काठ डोळ्यात बसला की शिक्का नसलेली वस्तूही लांबून ओळखू येते. इनॉक वुड या कारखानदाराचा शिंपल्यांचा काठ एकदा नीट बघितलात तर विसरणार नाही.

विलो पॅटर्नने, म्हणजे विलोचं झाड, पूल, पॅगोडा आणि वर दोन पक्षी असलेल्या चिनी धर्तीच्या चित्राने, सुरुवात करू नका असं मी म्हणत नाही, स्वस्त मिळतो, सगळीकडे मिळतो, हात बसायला उत्तम. पण तो स्पोडने १७९० च्या आसपास काढला आणि त्यानंतर शेकडो कारखान्यांनी छापला, अजूनही छापतात, त्यामुळे काळ ठरवायला तोच सगळ्यात अवघड. आणि एक प्रेमी जोडपं शेवटी त्यातले दोन पक्षी झालं अशी जी गोष्ट विक्रेते प्राचीन चिनी दंतकथा म्हणून सांगतात ती इंग्लंडातच रचलेली आहे, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. एशियाटिक फेझंट्स, तो फिकट निळा पक्ष्यांचा पॅटर्न, तोही व्हिक्टोरियन काळात ढिगाने निघालाय, त्यामुळे त्यात फक्त निर्दोष किंवा विचित्र आकाराची वस्तूच घ्या. स्पोडचा इटालियन १८१६ पासून आजतागायत चालू आहे. एकाच पॅटर्नचा जुना, मधला आणि नवा माल शेजारी ठेवून शिकायचं तर याच्याइतका चांगला मास्तर नाही.

इतकं सगळं बघून झालं की मग शिक्का. मातीत दाबून उमटवलेला आणि निळ्या रंगात छापलेला असे दोन प्रकार, दोन्ही एकाच वस्तूवर असू शकतात. नुसता एखादा आकडा, फुली, तारा असं काही दिसलं तर ती कामगाराची खूण, कारखान्याची नव्हे. "इंग्लंड" हा शब्द असेल तर वस्तू बहुतेक १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं भाग पडलं. "मेड इन इंग्लंड" दिसलं तर सरळ विसावं शतक धरा. "लिमिटेड" किंवा "ट्रेड मार्क" असेल तर १८६० च्या आधीची असणं शक्य नाही. स्पोडचा कारखाना पुढे कोपलंडकडे गेला, त्यातलं "कोपलंड अँड गॅरेट" हे नाव १८३३ ते १८४७ एवढंच होतं, म्हणजे ते दिसलं की काळ आपोआप ठरला. कोपलंडच्या मालावर १८७० पासून महिन्याचं अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे मातीत दाबलेले सापडतात, उजेड तिरपा पाडून शोधा. शाही चिन्हाच्या ढालीच्या मधोमध आणखी एक छोटी ढाल असेल तर ते १८३७ च्या आधीचं चिन्ह. पण कुठलाही शिक्का तुम्हाला जास्तीत जास्त "याच्या आधीची नाही" किंवा "याच्या नंतरची नाही" एवढंच सांगतो.

चौकटीच्या आकाराचा रजिस्ट्रेशनचा डायमंड १८४२ ते १८८३ या काळात वापरला गेला. वर गोलात रोमन चार असतो, तो मातीच्या वस्तूंचा वर्ग. वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात आणि १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात. पण लक्षात घ्या, ती डिझाइन नोंदवल्याची तारीख आहे, बशी बनल्याची नव्हे, तोच पॅटर्न नंतर पुढे कितीतरी वर्षं छापला जाऊ शकतो. १८८४ पासून डायमंडच्या जागी नुसता नंबर आला.

घेण्याआधी तब्येत तपासायची. बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि नखाने टिचकी मारा, मडकं घेताना वाजवून बघतात तसं. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, दिसो वा न दिसो. मग काठावरून बोट फिरवा, टवका डोळ्यांच्या आधी बोटाला लागतो. दुरुस्ती केलेली जागा गार काचेसारखी लागत नाही, किंचित कोमट आणि मऊ लागते. छोटा यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा, नव्या रंगाची आणि रेझिनची जागा बाकीच्यापेक्षा वेगळी चमकते. ग्लेझवरची बारीक जाळी आणि तिच्यात मुरलेला तपकिरी डाग हे जुन्या मालात चालायचंच. सुरीचे ओरखडेही मला चालतात, जेवायचीच ताटं होती ती. काठातून आत शिरणारी चीर मात्र किंमत निम्म्याहून खाली आणते, आणि आणायलाच पाहिजे. अर्थात दुर्मीळ पॅटर्न चिरेसकट स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, अभ्यासासाठी चीर गेलेली दुर्मीळ बशी ही धडधाकट मामुली बशीपेक्षा केव्हाही जास्त उपयोगाची.

नकली माल ओळखायला वरच्याच खुणा पुरतात, तरी एक सांगतो. पसरणाऱ्या निळ्याच्या, म्हणजे फ्लो ब्लूच्या आणि विलोच्या नव्या नकला पुष्कळ फिरतात, वजनाला जड, ग्लेझ सगळीकडे एकसारखं दुधी, तळाची कडी रुंद आणि बिनग्लेझची, छाप सपाट, आणि मागे मात्र भलामोठा सिंहवाला शिक्का. जुन्या फ्लो ब्लूमध्ये भट्टीत मुद्दाम रसायन ठेवून रंग ग्लेझमध्ये पसरवलेला असतो, त्यामुळे रेघेच्या कडेला धुकं असलं तरी खाली मूळ कोरीव रेघ भिंगातून सापडते.

घ्यायचं कुठे, तर पहिल्यांदा काहीच न घेता हाताळायला जा. नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूअर्कची अँटिक फेअर, ससेक्समधली आर्डिंग्ली, लंडनमध्ये शनिवारचं पोर्टोबेलो रोड, इथे शंभर बशा उचलून बघितल्या तरी कुणी ओरडत नाही, फक्त आधी विचारा आणि दोन्ही हातांनी धरा. कार-बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, पहाटे पोचलात तर पाच-दहा पौंडांतही शिकण्यालायक व्हिक्टोरियन बशी मिळून जाते. घासाघीस चालते पण सभ्यपणे, "याचं शेवटचं काय घ्याल" एवढं विचारायचं, वस्तूला नावं ठेवायची नाहीत.

लिलावात आधी कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या तब्येतीचा लेखी अहवाल मागवा आणि मागच्या बाजूचे, काठाचे, सांध्याचे फोटो मागा. आणि हिशोब करून बोली लावा. समजा हातोडा १०० पौंडांवर पडला, म्हणजे तुमची बोली तिथे पक्की झाली, आणि लिलावघराचा प्रीमियम, म्हणजे त्यांचं कमिशन, २५ टक्के, वर त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, म्हणजे झाले १३० पौंड, त्यात पॅकिंग आणि पोस्टेज वेगळं. बरीच लिलावघरं स्वतः पॅक करत नाहीत, कुरिअर तुम्हालाच ठरवावा लागतो आणि तो मातीच्या वस्तूचा विमा देतो का हे बोलीच्या आधी विचारायचं. पाचसहा बशांचा मिश्र लॉट असेल तर तो नीट बघा, बाकीच्या विलोच्या ढिगात एखादी बिनशिक्क्याची पर्लवेअर बशी दडलेली असते, कारण लॉट लिहिणाऱ्यानेही शिक्काच वाचलेला असतो.

घरी आणल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण, प्लास्टिकच्या टबमध्ये खाली टॉवेल, एका वेळी एकच वस्तू. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह अजिबात नाही. डाग काढायला घरातलं क्लोरीन ब्लीच तर कधीच वापरू नका, ते मातीत मुरतं, क्षार बनतात आणि काही काळाने ग्लेझचे पापुद्रे उडतात, मग परत काही करता येत नाही. दुरुस्त केलेली वस्तू पाण्यात बुडवायचीच नाही. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असायचं, त्यामुळे यात रोज जेवू नका, आंबट पदार्थ तर नकोच. भिंतीवर टांगायला स्प्रिंगचे उघडे तारेचे हँगर काठ खातात, जुना कुणी लावलेला असेल तर ओढून काढू नका, तार कटरने कापा. रचून ठेवायच्या असतील तर मध्ये फेल्ट नाहीतर जाड टिश्यू घाला.

प्रत्येक वस्तूची नोंद ठेवा, फोटो पुढचा, मागचा, सांध्याचा, माप, कुठून घेतली, किती पौंडांना, काय डॅमेज. फ्रेंड्स ऑफ ब्लू हा १९७३ पासूनचा ब्रिटिश क्लब आहे, निळ्या छापाच्या भांड्यांनाच वाहिलेला, बिनशिक्क्याच्या वस्तूचा कारखाना शोधायचा तर असे लोक गाठा, फोटो दाखवा. आणि शक्य असेल तर स्टॅफर्डशायरमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला एक पूर्ण दिवस काढा. सकाळी हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियममध्ये जुना माल काळानुसार मांडलेला बघा, मग बर्स्लेममधल्या मिडलपोर्ट पॉटरीला जा, तिथे बर्ली कंपनी अजूनही टिश्यू कागद कापून, ब्रशने घासून भांडी छापते. काठाची पट्टी गोलाईवर कशी बसवतात आणि सांधा कुठे लपवतात ते तिथे समोर बघायला मिळतं, आणि त्यानंतर तुम्ही कुठलीही जुनी बशी उचललीत तरी नजर आपोआप आधी काठावर जाते.